शाळेला फी विचारता, तसं हेही विचारा

आपल्या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला, मुलाला शाळेत घालायचं ठरलं की चौकशी फीपासून सुरू होते आणि स्कूल बस कुठल्या चौकात थांबते इथे संपते. मधल्या मध्ये बोर्ड कोणतं आणि इंग्रजी कसं, एवढं विचारून होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघड झालं, तेव्हापासून बदलापूरकर कॅमेरे कुठे आहेत, मुलींच्या स्वच्छतागृहाशी कोण असतं, हेही विचारतात. ते विचारायलाच हवं, त्यात कुणाची भीड धरू नये. पण मूल तिथे दहा-बारा वर्षं काढणार. घरची भाषा, देवधर्म, गावाकडच्या गोष्टी यांचं त्या दहा-बारा वर्षांत काय होणार, हे सहसा कुणी विचारत नाही. ‘त्याचं घरी बघू’ म्हणतात. घरी आई पहाटेच्या लोकलला पळते, बाप रात्री साडेनऊला दारात येतो, आजी गावाला. मग ते राहूनच जातं. मूल पंधरा वर्षांचं झालं की त्याला धर्म शिकवायला मोबाइल तयारच असतो, आणि तो काय शिकवतो ते आपण रोज बघतो.

याच्या उलट टोकाचीही घरं आपल्याकडे आहेत. मुलानं आपलंच शिकावं, बाहेरचं फार डोक्यात गेलं की पोरगं हातचं जातं, असं त्यांना वाटतं.

या दोन्ही घरांना मला एका शाळेची हकीकत सांगायची आहे. शाळा माझगावची. ती काढली बेने इस्राएल लोकांनी, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी.

हे लोक मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. अलिबागजवळ नवगावला आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आपण त्यांचे वंशज, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. किहीमचे ते केहिमकर, पेणचे ते पेणकर, नवगावचे ते नवगावकर. घाण्यावर तेल गाळायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. सण सगळे ज्यूंचेच, पण नावं ऐका: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दिवसाचा उपास, आणि त्याला जोडलेलं नाव कोकणातल्या बिरड्याचं! यापेक्षा जास्त इथलं कुणी काय असणार?

पण धर्मग्रंथांची भाषा जी हिब्रू, ती मात्र हातची गेली होती. ‘शेमा’ ही एक प्रार्थना तोंडपाठ होती. शनिवार पाळायचा, सुंता करायची, खाण्याचे काही नियम सांभाळायचे, एवढं आचारात टिकलं होतं. पोथी मात्र नव्हती, आणि असती तरी वाचणारं कोण होतं? अठराव्या शतकात यातले बरेचजण मुंबईला आले, कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर नावाच्या त्यांच्यातल्याच लष्करी माणसानं मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. सिनेगॉगला हे लोक मशीदच म्हणत. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव या मशिदीवरून पडलं असं सांगतात. आपल्यातले निम्मे लोक त्या स्टेशनावरून वर्षानुवर्षं गेले असतील.

मग त्यांनी शिकायचं ठरवलं, आणि जिथून मिळेल तिथून शिकले. कोचीनच्या ज्यूंकडून धर्माचार शिकले. हिब्रू कुणाकडून, तर ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून! जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईत आला. त्यानं १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहून छापलं, ते मुख्यतः या लोकांसाठीच. त्याचा हेतू उघड होता, त्यांनी ख्रिस्ती व्हावं. त्यांनी व्याकरण घेतलं, मिशनच्या शाळेतलं इंग्रजी घेतलं, बायबलाचा जुना करार मराठीत मिळाला तो घेतला. ख्रिस्ती मात्र फार थोडे झाले. ‘बाहेरचं शिकलं की पोरगं हातचं जातं’ म्हणणाऱ्यांनी इथं जरा थांबून विचार करावा. उलट, धर्माचं जे विसरलं होतं तेच या बाहेरच्या शिकण्यातून त्यांना परत मिळालं.

तरी दुसऱ्याच्या शाळेवर किती दिवस काढणार? १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत स्वतःची शाळा काढली. इस्रायलाइट स्कूल. समाज जेमतेम काही हजारांचा, त्यातले बरेचसे कारकून, सुतार, पलटणीतले पेन्शनर. पैसा नव्हताच. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडे हात पसरून मदत आणली. १८९२ पर्यंत तिचं हायस्कूल झालं. त्या शाळेत इंग्रजी होतं, मराठी होतं आणि हिब्रू होती. गणित, भूगोल इतर शाळांसारखं. वर आपला धर्म, आपल्या ग्रंथांतून. एकासाठी दुसरं सोडायचं नाही, हा केहिमकरांचा हिशोब. याच माणसानं १८९७ मध्ये आपल्या समाजाचा मोठा इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला. तो छापून निघाला १९३७ साली तेल अवीवला, केहिमकर गेल्यावर कित्येक वर्षांनी.

त्याच काळात जोसेफ इझिकेल राजपूरकर नावाचे दुसरे एक गृहस्थ डेव्हिड ससून यांच्या शाळेत मुख्याध्यापक होते, आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षकही. राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना-पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. यहुदी कीर्तनंही याच काळात होऊ लागली होती: मोशेची, योसेफाची आख्यानं, आपल्या हरिदासी चालीवर. सणाला प्रार्थना हिब्रूत म्हणायची आणि तिचा अर्थ मराठीत समजून घ्यायचा. आपल्याकडे संस्कृत स्तोत्र पाठ म्हणणाऱ्या किती मुलांना त्याचा अर्थ सांगता येतो? नमाज पढणाऱ्या, अरदास म्हणणाऱ्या, त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या मुलांनाही हाच प्रश्न विचारून बघा.

केहिमकरांच्या शाळेचं खरं सोनं म्हणजे रिबेका रूबेन. ही मुलगी पुण्याच्या हुजूरपागेत शिकली आणि १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला सगळ्यांत पहिली आली. त्या वर्षी परीक्षेला बसलेल्या सगळ्या मुलग्यांच्याही पुढे. पुढे डेक्कन कॉलेज, मग अध्यापनाच्या शिक्षणासाठी लंडन, हिब्रूच्या अभ्यासासाठी केंब्रिज. एवढं करून बाई आल्या आणि १९२२ पासून १९५० पर्यंत याच शाळेच्या मुख्याध्यापिका राहिल्या. त्यांनी मुलांसाठी इंग्रजीची क्रमिक पुस्तकंही लिहिली, ती इतर शाळांतही चालली. कुठेही मोठी नोकरी मिळाली असती अशी बाई अठ्ठावीस वर्षं एका छोट्या समाजाच्या शाळेत रमते, तेव्हा शाळेत काय असेल याची कल्पना करा.

त्यांच्याच काळात शाळेचं नाव सर एली कदूरी स्कूल झालं. हे कदूरी बगदादचे, मुंबईत ससूनांच्या पेढीवर लागले, तिथून चीनला गेले, शांघाय-हाँगकाँगला पैसा केला आणि माझगावच्या शाळेला देणगी दिली. शिक्षकाच्या हातात एक नकाशा असला तर केवळ शाळेच्या नावाच्या पाटीवरून भूगोलाचा अख्खा तास घेता येईल.

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि समाज हळूहळू तिकडे गेला. आज लोद, बीरशेवा, अश्दोदला त्यांची घरं आहेत, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथं चालवलं. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास भरले. महाराष्ट्रानं त्यांना २०१६ साली अल्पसंख्याक दर्जा दिला. शाळा बंद पडली नाही. आज तिथे बहुतेक मुलं मुस्लिम आहेत. ज्यूंनी काढलेल्या शाळेत मुस्लिम मुलं शिकतात, याचं माझगावला कुणाला नवल वाटत नाही. बातमी होते ती फक्त बाहेरच्यांसाठी.

लंडन, न्यूयॉर्क, मेलबर्नकडे ज्यूंच्या पूर्णवेळ शाळा आजही जोरात आहेत. दिवसाचे दोन भाग: एकात तोरा हा धर्मग्रंथ, हिब्रू, ज्यूंचा इतिहास, दुसऱ्यात गणित, विज्ञान, जगाचा इतिहास, भाषा. सगळंच गोड नाही. न्यूयॉर्कमधल्या काही कडव्या शाळांत मुलग्यांना इंग्रजी आणि गणित धड शिकवतच नाहीत, अशी तक्रार तिथूनच शिकून बाहेर पडलेल्यांनी केली. शेवटी २०२२ मध्ये राज्याला त्यासाठी नियम करावे लागले. फक्त ‘आपलंच’ शिकवायचं म्हटलं की हे होतं. मुलगा अठराव्या वर्षी ग्रंथ वाचतो आणि नोकरीचा अर्ज लिहू शकत नाही.

पण ज्यूंच्या शिकवण्यात एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. पेसाख सणाच्या रात्री घर जेवायला बसतं. ताटात बिनखमिराची भाकरी, कडू पाला, असं काहीबाही. आणि विधीचा भागच असा की घरातल्या सगळ्यांत धाकट्या मुलानं मोठ्यांना प्रश्न विचारायचे: आजच असं का खायचं, आजच असं का बसायचं? मुलानं विचारल्याशिवाय पुढची गोष्ट सुरूच होत नाही. या रात्रीची पोथी, हागादा, मराठीसह मुंबईत १८४६ साली निघाली आणि पुण्यात १८७४ साली. पुण्याच्या पोथीत चित्रं आहेत. त्यात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाच्या भाकऱ्या करताना दिसतात. मोठ्या मुलांचा अभ्यासही असाच. ताल्मुद या धर्मग्रंथाचं पान उघडलं की मधोमध मूळ मजकूर आणि चारी बाजूंनी वेगवेगळ्या काळातल्या पंडितांचे शेरे, एकमेकांना खोडून काढणारेसुद्धा. दोन मुलं समोरासमोर बसतात आणि त्या पानावर भांडतात. जो गप्प बसतो त्याचा अभ्यास झालेला नाही असं धरतात.

आता आपल्याकडचे संस्कारवर्ग आठवा. मुलानं ‘का?’ विचारलं की ‘मोठ्यांना उलट बोलू नये’. मांडी घाला, हात जोडा, म्हणा माझ्यामागे. महिन्याभरात मूल पळतं, आणि आपण म्हणतो आजकालच्या मुलांना धर्माची आवड नाही. माझं मत स्पष्ट आहे: आवड मुलांना असते, धीर मोठ्यांना नसतो.

आपल्या पट्ट्याला हे सगळं लागू कसं, म्हणाल तर बघा. उल्हासनगर वसलं तेच उखडलेल्या माणसांमुळे. फाळणीनंतर सिंधहून आलेल्यांना कल्याणच्या लष्करी कॅम्पातल्या बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर-जनरल राजाजींच्या (सी. राजगोपालाचारी) हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. लोकांकडे घर धड नव्हतं, तरी सिंधी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या. १९६७ मध्ये सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. आणि आज? घरोघरची मुलं इंग्रजी माध्यमात. आजोबा अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, नातवाला ती वाचता येत नाही. आजोबांच्या कपाटातली वही उद्या रद्दीत जाणार, कारण तिच्यात काय आहे हे घरात कुणालाच कळत नाही. सिंधमधलं शिकारपूर, लारकाना कुठे आहे हे नकाशावर दाखवता येईल असं मूल कॅम्प चारमध्ये किंवा पाचमध्ये किती सापडेल? मात्र दुबई आणि हाँगकाँगला काका आहेत हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मराठी घरांनी यावर मान हलवून पुढं जाऊ नये. अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारी राहणाऱ्या मुलांना त्या मंदिराचं काय ठाऊक असतं? महाशिवरात्रीची जत्रा, बस्स. तिथे १०६० सालचा शिलाहारांच्या काळातला लेख आहे, गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, मंदिराची घडण माळव्याकडच्या भूमिज पद्धतीची आहे, म्हणजे हजार वर्षांपूर्वी कारागिरी इतक्या लांबून इथवर आली. म्हणजे एकाच भिंतीवर धर्मही आहे, इतिहासही आणि जगही. शाळेची सहल मात्र वॉटर पार्कला जाते.

तेव्हा आता काय करायचं ते सांगतो.

प्रवेश घ्यायला जाल तेव्हा शाळेला विचारा की मराठी कोण शिकवतं आणि किती तास. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, तेव्हा ‘आमच्याकडे ऑप्शन नाही’ हे उत्तर चालणार नाही. मूल्यशिक्षणाचा तास असेल तर त्याचं पुस्तक मागून घ्या आणि घरी चाळा. धर्माचं काही शिकवत असतील तर कुठल्या धर्माचं, कोण शिकवतं, हे विचारा. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेश करता येत नाही. सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत तुमच्या संमतीशिवाय तुमच्या मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. घटनेच्या २८ व्या कलमात हे लिहिलेलं आहे. तुमची हरकत असेल तर लेखी द्या, चार ओळी पुरतात. हरकत नसेल तर तेही समजून-उमजून सांगा, गप्प बसून नको. आणि वेगवेगळ्या धर्मांची माहिती देणं म्हणजे धर्मोपदेश नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सांगितलंय. त्यामुळे शाळेनं ईद, नाताळ, चेटीचंड, बुद्धपौर्णिमा कशी असते ते शिकवलं तर त्याविरुद्ध मोर्चा काढू नका. ते ज्ञान आहे, बाटवणं नाही.

अल्पसंख्याक संस्था चालवणाऱ्यांना, मग ती सिंधी असो, उर्दू असो, ख्रिस्ती असो, माझं एक सांगणं. घटनेच्या ३० व्या कलमानं तुम्हाला शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला तो तुमची भाषा आणि संस्कृती जगावी म्हणून. तो दर्जा जर नुसता प्रवेशाच्या कोट्यापुरता वापरत असाल आणि शाळेत सिंधीचा एक तास नसेल, तर तो दर्जा कशासाठी घेतला, हे तुमच्या समाजानंच तुम्हाला विचारायला हवं.

सिंधी दरबारात, विहारात, देवळात, मशिदीत, चर्चमध्ये रविवारी मुलं गोळा करणाऱ्यांनो, एका बैठकीला एकच पान घ्या. मूळ भाषेत वाचा, मग मराठीत किंवा मुलांच्या घरच्या भाषेत अर्थ सांगा, मग निम्मा वेळ प्रश्नांना ठेवा. उत्तर येत नसेल तर ‘पुढच्या रविवारी बघून सांगतो’ म्हणा. त्यानं कुणाचा मान कमी होत नाही. शिकवायला बाहेरून महाराज आणू नका. शेजारची निवृत्त शिक्षिका बसवा, तिला मुलं हाताळता येतात. आणि जी शिकवते तिला मानधन द्या. मंडळाकडे डीजेला पैसे असतात, तेव्हा सबब सांगू नका.

आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना कामाला लावा. सिंधी आजोबांनी नातवाला रोज दहा मिनिटं लिपी शिकवावी. देशावरून, कोकणातून, उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांनी नकाशा भिंतीला लावून आपलं गाव त्यावर दाखवावं, मग पाहुण्यांची गावं, मग शेजाऱ्यांची. एका इमारतीत असं केलं तरी नकाशा बराच भरेल.

आणि वर्षातून एकदा मुलांना दुसऱ्यांच्या दारात घेऊन जा. अंबरनाथच्या मंदिरात, उल्हासनगरच्या एखाद्या दरबारात, जवळच्या विहारात. ठाण्याला १८७९ पासूनचं शार हाशामाईम सिनेगॉग आहे, आपल्या लोकलनं जेमतेम पाऊण तास. जायच्या आधी तिथल्या मंडळींशी बोलून परवानगी घ्या, मोठ्यांनी ओळखपत्र सोबत ठेवावं, पुरुषांनी डोकं झाकायला रुमाल न्यावा. शनिवारी आणि त्यांच्या सणाला जाऊ नका, तो त्यांचा प्रार्थनेचा वेळ. मुलांना आधीच सांगून ठेवा: आत गेल्यावर दंगा करायचा नाही, पण प्रत्येकानं एक तरी प्रश्न विचारायचा.